वाचक विचारतात : कोल्हापुरी चपलेच्या चामड्याची साखळी

चामडे वेळेवर मिळत नाही आणि मिळाले तर एकसारखे निघत नाही, ही तक्रार कोल्हापुरी चपलेच्या धंद्यात कारागिरापासून दुकानदारापर्यंत सगळ्यांच्या तोंडी आहे. त्यावर आलेल्या पत्रांपैकी सात पत्रे या वेळी घेतली आहेत. पहिल्या प्रश्नाला जागा जास्त दिली, कारण बाकीच्या बऱ्याच अडचणींचे मूळ तिथेच आहे.

आम्ही तळाचे चामडे एकाच व्यापाऱ्याकडून घेतो. एक खेप उत्तम निघते, पुढच्या खेपेत तळ वाकवला की तडकतो किंवा वरचा पापुद्राच सुटतो. व्यापारी म्हणतो, माल तोच आहे. चूक कुणाची धरायची?
— कारागीर, सुभाषनगर, कोल्हापूर

‘तडकतो’ आणि ‘पापुद्रा सुटतो’ हे दोन वेगळे दोष आहेत आणि ते साखळीच्या वेगवेगळ्या टोकांना घडतात. त्यामुळे आधी तुकडा हातात घेऊन दोष ओळखा.

तडा गेलेल्या जागी रापीने (चामडे कापायच्या सुरीने) सरळ काप द्या आणि कड उजेडात धरा. नीट कमावलेल्या चामड्याची कड आरपार एकाच रंगाची दिसते. मधोमध फिकट, शिंगासारखी अर्धपारदर्शक रेघ दिसली तर आतला गाभा कच्चा राहिला आहे. खात्री करायची असेल तर कडेची पातळ चकती ३० टक्के ॲसिटिक आम्लात टाका (हातमोजे घालून, मोकळ्या हवेत). कच्चा भाग फुगतो आणि पारदर्शक होतो, कमावलेला भाग तसाच राहतो. हा दोष कमावणाऱ्याकडचा. घाईत सुरुवातीलाच बाभळीच्या सालीचा दाट काढा दिला की बाहेरचा थर लगेच आवळतो आणि काढ्याला आत शिरायची वाट बंद होते. म्हणून काढा नेहमी पातळाकडून दाटाकडे न्यायचा असतो. रेघ नसेल, पण तळ सगळीकडे सारखाच कोरडा तडकत असेल, तर शेवटचे तेल कमी पडले आहे किंवा माल कडक उन्हात वाळवला आहे.

पापुद्रा सुटत असेल, वरची बाजू मधूनच निस्तेज झालेली किंवा टाचणीने टोचल्यासारखी बारीक खड्ड्यांची दिसत असेल, तर ते कातडे टॅनरीत पोचण्याआधीच कुजायला लागले होते. जनावराचे कातडे सोलल्यावर त्यात साठ-सत्तर टक्के पाणी असते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात चार-सहा तासांत त्यात जंतू वाढू लागतात आणि पहिला घाव केसांच्या मुळाशी बसतो. पुढे केस काढायचा चुना, कमावायची साल, हिरडा कितीही चांगला वापरला तरी गेलेला पापुद्रा परत येत नाही. शिवाय केस असेपर्यंत हा दोष डोळ्यांना दिसत नाही. व्यापाऱ्याला कदाचित खरोखरच माल ‘तोच’ वाटत असेल.

उपाय मिठाचा आहे, पण तो नीट करावा लागतो. कातडे धुऊन, चरबी आणि मांसाचे तुकडे खरवडून, केसांची बाजू खाली ठेवून उताराच्या फरशीवर पसरायचे. वजनाच्या ४० टक्के मीठ लागते. म्हणजे २५ किलोच्या म्हशीच्या कातड्याला १० किलो. दाणा मध्यम हवा, एक ते तीन मिलिमीटरचा. पिठासारखे मीठ पाण्याबरोबर वाहून जाते आणि मोठे खडे मध्ये मोकळ्या जागा सोडतात. मान, पाठीचा कणा आणि शेपटीचे मूळ हे जाड भाग हाताने चोळून भरायचे, कडा उलगडून त्यांच्या घड्यांत मीठ घालायचे. सुटणारे पाणी निथळून जायलाच हवे. ते थप्पीखाली साचले तर खालची दोन-तीन कातडी गेलीच म्हणायची. थप्पी मीटर-सव्वा मीटरपेक्षा उंच नको.

चुका कुठे होतात, तेही ठरलेले आहे. सकाळी सोललेले कातडे संध्याकाळच्या गाडीची वाट पाहत गोणपाटात गुंडाळून पडते. मीठ चार-पाच किलोंत उरकले जाते. मागच्या खेपेचे झटकलेले मीठ पुन्हा वापरले जाते. त्यात मिठातच वाढणारे जंतू असतात आणि मांसाकडच्या बाजूवर लालसर डाग उमटतात. कच्चा माल घेताना पोटाच्या कडेचे आणि मानेचे केस चिमटीत धरून ओढा. सहज हातात आले, किंवा अमोनियाचा उग्र वास आला, तर ते कातडे तळासाठी घेऊ नका.

आता खरा मुद्दा. मीठ घालणाऱ्याला या सगळ्याचे काय मिळते? बहुतेक ठिकाणी कातडे नगावर विकले जाते. दहा किलो मीठ घालणाऱ्याला आणि चार किलो घालणाऱ्याला भाव एकच. मग तो सहा किलो मिठाचा खर्च स्वतःच्या खिशातून का करील? आणि वजनावर घेतले तर शेण-माती आणि न झटकलेले मीठही तोलले जाते. म्हणून भाव प्रतीवर ठरला पाहिजे. तीनदा झटकून वजन, आणि तीन प्रती. पहिली प्रत म्हणजे पाठ आणि पुठ्ठ्याच्या (जनावराच्या मागच्या, कंबरेखालच्या) भागात एकही भोक किंवा खोल घाव नाही, केस घट्ट. दुसरी म्हणजे घाव आहेत, पण फक्त मान आणि पोटाच्या कडांना. बाकी सगळी तिसरी. सुरीचा घाव अर्ध्या जाडीपेक्षा खोल गेला असेल तर तो भोकातच धरायचा, कारण तळ तिथेच फाटतो. सोलताना टोकदार सुरीऐवजी गोल टोकाची वापरली आणि मोकळ्या भागात मुठीने कातडे सोडवले, तर हे घाव बरेच टळतात.

तुम्ही एकटे असाल तर एवढी लांबची कडी हलवणे कठीण. निदान प्रत्येक खेपेतला सदोष तुकडा तारीख घालून परत पाठवा आणि सोबत दोषाचे नाव लिहा: ‘गाभा कच्चा’, ‘पापुद्रा सुटला’, ‘सुरीचा घाव’. नुसते ‘माल खराब’ म्हटल्याने मागे कुणालाच काही कळत नाही.

आमच्या बचत गटात ११ जणी वेण्या आणि पट्टे करतात, घरची माणसे तळ. चामडे प्रत्येक घर वेगळे आणते. एकत्र घ्यायचे ठरवले आहे. स्वस्त कुठे मिळेल?
— बचत गटाच्या सचिव, कागल तालुका

ताई, एकत्र खरेदीचा निर्णय योग्य आहे. फक्त ‘स्वस्त’चा हिशेब किलोच्या भावावर करू नका, कापून हाती काय आले त्यावर करा. समजा (आकडे फक्त हिशेबापुरते) एका ठिकाणी ३०० रुपये किलो आहे आणि १० किलोंतून कामाचे ६ किलोच निघाले. कामाचा किलो ५०० रुपयांना पडला. दुसरीकडे ३८० रुपये किलो आहे, पण ८ किलो निघाले, म्हणजे किलो पडला ४७५ रुपयांना. महाग वाटलेला माल स्वस्त पडला आणि रापी चालवायचे श्रमही वाचले. प्रत्येक खेपेला दोनच वजने वहीत लिहा, आणलेले आणि कामाला आलेले. तीन-चार महिन्यांत कोणता पुरवठादार कसा आहे हे वहीच सांगते.

तळाचे चामडे वजनावर विकले जात असल्यामुळे पाण्यालाही पैसे पडतात. चांगल्या वाळलेल्या मालात १४ टक्क्यांच्या आसपास ओल असते. पावसाळ्यात ती २० टक्के झाली, तर १०० किलोंत कोरडा माल ८० किलो. तोच १४ टक्के ओलीचा असता तर ९३ किलो भरला असता. म्हणजे सात किलो पाणी चामड्याच्या भावात घेतले. वजन वाढवायला कधी कधी एप्सम मीठही भरलेले असते. तुकडा रात्रभर भिजवून सावलीत वाळवा; वर पांढरा खार फुटला तर समजून घ्या.

मागणी तोंडी नको. चिठ्ठीवर एवढे असू द्या: तळाची जाडी किती मिलिमीटर आणि किती कमी-जास्त चालेल (अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त सूट देऊ नका), पाठ-पुठ्ठ्याचा भाग किती आणि पोटाचा किती, ओलीची मर्यादा, पोचवण्याची तारीख, सदोष माल किती दिवसांत परत घ्यायचा. जाडी मोजायला डायल असलेला गेज घ्या. तो गटाला एकच पुरतो. पुरवठादाराला आगाऊ रक्कम द्यावीच लागत असेल तर ती खेपेच्या एक तृतीयांशाच्या वर जाऊ देऊ नका आणि उरलेले पैसे माल तपासल्यावर त्याच दिवशी द्या. जागच्या जागी पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकाला व्यापारी चांगल्या थप्पीतला माल देतो, हे तुम्हालाही ठाऊक असेल.

पट्ट्यांचे आणि वेणीचे चामडे मात्र वेगळे, पातळ आणि मऊ लागते. त्याची चिठ्ठी वेगळीच करा.

श्रावणापासून दिवाळीपर्यंत मागणी असते आणि नेमके तेव्हाच चामडे मिळत नाही. मिळाले तर बुरशी. किती साठा करून ठेवावा?
— कारखानदार, अथणी

पावसाळ्यात कमावलेले चामडे वाळत नाही, त्यामुळे ३० दिवसांत येणारा माल ४५ दिवस घेतो. हे दर वर्षी होते, म्हणून त्याचा हिशेब आधी मांडता येतो. समजा रोज २० जोड होतात आणि कचरा धरून जोडाला ७०० ग्रॅम तळाचे चामडे लागते. रोजची गरज १४ किलो. कामाचे ३० दिवस म्हणजे ४२० किलो, ४५ दिवस म्हणजे ६३०. त्यावर आठवड्याची, म्हणजे सहा दिवसांची, ८४ किलोंची उशी. तेव्हा उन्हाळ्यात साठा ५०४ किलोंवर आला की पुढची मागणी पाठवायची, आणि जूनपासून तीच खूण ७१४ किलोंवर न्यायची. हा जादा २१० किलो माल मेअखेर घरात आलेला हवा. तुमचे स्वतःचे आकडे घालून गणित पुन्हा करा.

पैसा अडकतो, हे खरे. पीएम विश्वकर्मा योजनेत (सप्टेंबर २०२३ पासून) चर्मकार आणि पादत्राणे करणारे कारागीर बसतात. पहिला हप्ता १ लाखापर्यंत, तो फेडल्यावर २ लाखांपर्यंत, ५ टक्के व्याजाने आणि तारणाशिवाय. कारखानदाराला नव्हे, पण तुमच्याकडे घरून काम करून देणाऱ्यांना ते मिळू शकते आणि साठ्याचा भार वाटला जातो.

बुरशीसाठी: जमिनीपासून वीतभर उंच लाकडी फळ्या, भिंतीपासून फूटभर अंतर, दर पाच-सहा नगांनंतर आडव्या काड्या, आणि पंखा. प्लास्टिकने झाकू नका, आत घाम धरतो. साधा आर्द्रतामापक भिंतीला लावा. ६५ टक्क्यांपर्यंत निर्धास्त राहा, ७५च्या वर गेला की माल उलटापालटा करा. बुरशी आलेला नग बाहेर नेऊन कोरड्या ब्रशने झटका आणि सावलीत वाळवा, उन्हात नाही. प्रत्येक नगावर खडूने आल्याची तारीख लिहा आणि जुना आधी काढा. थप्पीवर वरून ठेवायचे आणि वरूनच काढायचे, ही सवय बहुतेक गोदामांत आहे. तळचा माल त्यातच सडतो.

बाभळीची साल आणि हिरडा वापरूनही प्रत्येक खेपेचा रंग वेगळा का येतो?
— कमावणारे, निपाणीजवळ

दोन्हींचे काम वेगळे आहे. बाभळीच्या सालीत साधारण १२ ते १८ टक्के टॅनिन (कातड्याचे चामडे करणारा तुरट घटक) असते. ती रंग लालसर-गडद करते आणि चामडे ताठ करते. हिरड्यात ३० टक्क्यांच्या पुढे असते; तो रंग उजळ ठेवतो, आणि आंबताना त्यातून तयार होणारी आम्ले काढ्याला आत शिरायला मदत करतात. पाटीने किंवा घमेल्याने मोजून टाकले की ओल्या आणि कोरड्या सालीत वजनाचा मोठा फरक पडतो. तोलून टाका. भिजलेल्या सालीतून टॅनिन आधीच वाहून गेलेले असते, म्हणून साल छपराखाली हवी. हिरडा टणक, पिवळसर घ्या. काळा, पोकळ आणि किडीची भोके असलेला परत करा.

आणि लोखंड. पत्र्याचे पिंप, गंजलेला खिळा, लोहयुक्त बोअरचे पाणी यांपैकी काहीही काढ्याला लागले की निळसर-काळे डाग पडतात. पखालीसारखी शिवलेली कातड्याची पिशवी ज्या तिकाटण्यावर टांगता त्याची तार आणि हूकही पाहा. लाकूड, प्लास्टिक किंवा सिमेंटचा हौद वापरा. काढ्यात घालण्याआधी कातड्याच्या ताज्या कापावर फिनॉल्फ्थॅलिनचा (चुना असला की गुलाबी होणाऱ्या द्रावणाचा) एक थेंब टाकायची सवय लावा. मधोमध गुलाबी रेघ उमटली तर चुना अजून आत आहे, आणि असे कातडे काढ्यात गेले की काळपट, ठिसूळच निघणार.

पूर्वी गावचे चामडे वापरायचो, आता चेन्नई-कोलकात्याहून मागवावे लागते. वाहतुकीत माल अडू नये म्हणून काय करावे?
— व्यापारी, मिरज

महाराष्ट्रात मार्च २०१५ पासून गायीबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आहे, म्हशीच्या नाही. कर्नाटकात २०२१ पासून लागू झालेल्या कायद्यात १३ वर्षांखालील म्हशीही येतात. जवळचा कच्चा माल आटला, त्याचे हे एक मोठे कारण. म्हणून पावतीवर ‘लेदर’ एवढेच लिहून घेऊ नका. जनावर (म्हैस, शेळी), कच्चे की कमावलेले, नग, वजन आणि पाठवणाऱ्याचा जीएसटी क्रमांक स्पष्ट हवा. राज्याबाहेरून येणारा माल ५० हजारांच्या वर असेल तर ई-वे बिल (माल वाहतुकीचा जीएसटीचा ऑनलाइन परवाना), आणि त्यातला गाडीचा क्रमांक प्रत्यक्ष गाडीशी जुळलेला. मध्ये गाडी बदलली तर क्रमांकही बदलून घ्या. कागद बरोबर असूनही गाड्या इथेच अडकतात. कमावलेला माल मागवा, खारवलेला कच्चा शक्यतो नको. कच्च्याचे पाणी गळते, आणि दोन दिवस गाडी थांबली तर नुकसान तुमचेच.

मोठ्या दुकानाला माल दिला की पैसे चार-पाच महिन्यांनी येतात. मागितले तर पुढची ऑर्डर जाते. काही कायदा आहे का?
— चप्पल उत्पादक, कोल्हापूर

आहे, आणि तो वापरायला घाबरू नका. उद्यम नोंदणी (केंद्र सरकारकडची लहान उद्योगांची नोंदणी) असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असेल तर ठरलेल्या मुदतीत, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेच लागतात. करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते. १ एप्रिल २०२४पासून सुरू झालेल्या आकारणी वर्षापासून आणखी एक कलम लागू आहे: मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदाराला त्या वर्षीच्या खर्चात दाखवता येत नाही, ती प्रत्यक्ष देईल त्या वर्षीच वजावट मिळते. दुकानाच्या हिशेबनिसाला ही गोष्ट पक्की माहीत असते. म्हणून भांडण न करता प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक आणि देय तारीख छापा. मार्च जवळ आला की पैसे हलतात.

माल पोचल्याची तारीख, सही आणि शिक्का चलनावर घ्या. पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर माल स्वीकारला असे धरले जाते. तरीही पैसे आले नाहीत तर सूक्ष्म व लघु उद्योग सुलभीकरण परिषदेकडे ऑनलाइन अर्ज करता येतो. मात्र तुम्ही नुसते घाऊक व्यापारी असाल, स्वतः उत्पादन करत नसाल, तर हे संरक्षण मिळत नाही.

कमावणाऱ्याचे पैसे तुम्हीही याच मुदतीत द्या. तुमच्याकडे पैसा थांबला की त्याच्याकडे साल आणि त्याच्या मागे कातडे खारवणाऱ्याकडे मीठ कमी पडते, आणि पहिल्या पत्रातला पापुद्रा तिथे सुटायला लागतो.

जर्मनीतल्या एका दुकानदाराने कोल्हापुरी मागितल्या आहेत, पण क्रोमियमचा अहवाल हवा म्हणतो. साल-हिरड्याच्या चामड्यात क्रोम कुठून येणार? आणि ‘कोल्हापुरी’ हे नाव कुणालाही लावता येते का?
— निर्यातदार, पुणे

त्वचेला लागणाऱ्या चामड्यात सहासंयुजी क्रोमियम (क्रोमियमचे त्वचेला अपायकारक रूप) किलोमागे ३ मिलिग्रॅमच्या आत असावे, हा युरोपीय संघाचा नियम मे २०१५ पासून आहे. साल-हिरड्याच्या तळात ते नसते. पण पट्ट्याला, वेणीला किंवा अस्तराला बाजारातले मऊ, रंगीत चामडे लावले की ते बहुतेकदा क्रोमने (सालीऐवजी क्रोमियमच्या क्षारांनी) कमावलेले असते, आणि अहवाल तिथेच बिघडतो. म्हणून नमुना पाठवताना तळ, पट्टा, गोंडा वेगवेगळे तपासून घ्या. रंगातल्या बंदी असलेल्या ॲझो घटकांची चाचणीही त्याच वेळी करा. मर्यादा किलोमागे ३० मिलिग्रॅम आहे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेत (सीएलआरआय) या चाचण्या होतात.

अहवाल एका खेपेचा असतो, धंद्याचा नाही. चामड्याच्या प्रत्येक खेपेला क्रमांक द्या, उदाहरणार्थ वर्ष-महिना-पुरवठादार, आणि तोच क्रमांक कापताना तळाच्या आतल्या बाजूला आरीच्या टोकाने किंवा शिक्क्याने उमटवा. एक जोड परत आला तर कोणत्या कमावणाऱ्याकडची कोणती खेप होती हे दहा मिनिटांत सापडले पाहिजे. दोन खेपांचे तळ एका पेटीत मिसळले की सगळा माल संशयात जातो.

नावाबद्दल: कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन (ठराविक भागातल्या मालालाच ते नाव लावता यावे यासाठीची नोंदणी, जीआय) आहे. त्यात महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजयपूर असे आठ जिल्हे येतात. नोंदणी महाराष्ट्राच्या संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळाच्या (लिडकॉम) आणि कर्नाटकच्या लिडकर महामंडळाच्या नावावर आहे. मानांकनाची खूण लावायची तर या जिल्ह्यांत करणाऱ्याने ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून नोंद करावी लागते. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या मिलानमधल्या शोमध्ये कोल्हापुरीसारखी चप्पल दिसली, तेव्हा याच नावावरून चर्चा पेटली होती. तुमच्याकडे काम करणाऱ्या प्रत्येक घराची ही नोंद करून द्या. तो क्रमांक खेपेच्या क्रमांकाशेजारीच छापला, तर जर्मनीतल्या गिऱ्हाइकाला जोड कुणी केला आणि चामडे कुठले, हे दोन्ही एकाच जागी वाचता येईल.